टेबल, कीड आणि रवींद्रनाथ

दुपारी लाइट गेली, म्हणून भाच्याशी चक्क तासभर बोलणं झालं. विषय मी काढला, आइन्स्टाइन आणि रवींद्रनाथांच्या भेटीचा. १४ जुलै १९३०, बर्लिनजवळचं कापुट गाव, आइन्स्टाइनचं घर. प्रश्न असा, की माणूसच नसेल तर सत्य उरतं का?

रवींद्रनाथांच्या मते सत्य काय, सौंदर्य काय, माणसाशिवाय दोन्हींना अर्थ नाही. आइन्स्टाइनला सौंदर्याचं पटलं, सत्याचं नाही. घरात कुणी नसलं तरी टेबल जागच्या जागी असतंच, असं त्याचं म्हणणं. पण हे सिद्ध करता येत नाही हेही त्यानेच सांगून टाकलं, आणि वर रवींद्रनाथांना म्हणाला, मग तुमच्यापेक्षा मीच जास्त धार्मिक! (या भेटीच्या फोटोखाली लोक भलतीच वाक्यं चिकटवून फिरवतात. मूळ संवाद छोटासाच आहे, वाचा की.)

भाचा इंजिनिअरिंगला, म्हणजे टेबलाच्या पक्षात. मी रवींद्रनाथांचाच मुद्दा पुढे केला: पोथी खाणाऱ्या किडीसाठी त्यातलं काव्य अस्तित्वातच नसतं. पठ्ठ्या लगेच म्हणाला, "पण मामा, ती खाते तो कागद तर खरा ना?"

कार्टं हुशार आहे. मनातून मीही टेबलवालाच, पण हार कशाला मानायची! म्हटलं, टेबलाचं सोड, इलेक्ट्रॉनचं बोल. मोजण्याआधी तो नेमका कुठे असतो? क्वांटम भौतिकशास्त्रातले बरेच जण म्हणतात, मोजेपर्यंत त्याला नेमकी जागाच नसते. स्वारी रेंज शोधायला गॅलरीत गेली ती अजून तिथेच आहे.