बुटांवरच्या सपाता आणि मासेरचा वाडा

बूट काढायचे नाहीत, बुटांवरच सपाता चढवायच्या. इटलीच्या व्हेनेतो प्रांतात मासेर गावी व्हिला बार्बारो आहे, म्हणजे व्हेनिसच्या बार्बारो या सरदार घराण्याचा जुना वाडा, तिथला हा नियम. दाराशी फेल्टच्या थोराड सपातांचा ढीग असतो. त्यातली जोडी अडकवायची आणि पाय न उचलता सरकत सरकत फिरायचं. मी सवयीने बूट काढायला वाकले, तर तिथल्या बाई लगेच “नो, नो, सिन्योरा!” म्हणाल्या. आता मला सांगा, फरशीची एवढी काळजी आहे तर सरळ अनवाणी जाऊ द्या ना! माझ्या पुढच्या आजोबांची एक सपात सारखी मागे राहत होती, पोरं घसरगुंडी करत होती आणि आम्ही सगळे तिकीट काढून त्यांची फरशी पुसत होतो.

चडफडत सरकत असतानाच एका कोपऱ्यात भिंतीवर रंगवलेली पादत्राणं आणि झाडणी दिसली. कुणी घाईत विसरून गेल्यासारखी! व्हेरोनेझे या चित्रकाराने 1560च्या आसपास या भिंती रंगवल्या. अर्धवट उघड्या दारातून एक मुलगी डोकावते, पण ते दारही रंगाचंच. छताजवळच्या सज्जात घरची मालकीण जुस्तिनियाना उभी आहे, शेजारी तिची म्हातारी दाई, एक पोपट, एक कुत्रं. घर बांधलं पाल्लादियो या वास्तुकाराने. हा आमच्या पादोवाचा, गिरणीवाल्याचा मुलगा. (सहा वर्षं इथे राहिले की ‘आमच्या’ म्हणायचा हक्क मिळतो.) त्याने 1570च्या आपल्या ग्रंथात या घराचा आराखडा छापला, पण व्हेरोनेझेचं नावसुद्धा घेतलं नाही. भिंतींवरून दोघांचं बिनसलं होतं की काय, कोण जाणे.

मला चित्रांपेक्षा पाणी जास्त आवडलं. मागच्या टेकडीतल्या झऱ्याचं पाणी आधी मूर्तींनी मढवलेल्या कुंडात येतं. पाल्लादियोने लिहून ठेवलंय की तिथून ते स्वयंपाकघरात, मग बागांना, मग रस्त्याकडेच्या हौदांत आणि शेवटी फळबागेला जातं. एवढा थाट, पण मुळात हे शेतघर! दोन्ही बाजूंच्या कमानींखाली शेतीचा संसार आणि टोकांना कबुतरखाने.

व्हेनिसचे सरदार समुद्र सोडून शेतात का शिरले? धान्याचे भाव चढत होते, पडीक जमिनी लागवडीखाली आणायला 1556 मध्ये सरकारी खातंच निघालं होतं. शिवाय 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि मिऱ्यांच्या व्यापारात व्हेनिसला प्रतिस्पर्धी उभा राहिला. म्हणजे या वैभवाला थोडा आपला किनाराही कारणीभूत, असं मी इथल्या मैत्रिणींना ऐकवते. त्या विषय बदलतात.

“बघा, त्यांनी कसं जपलंय, नाहीतर आपण!” हे वाक्य घरच्या ग्रुपवर येणारच, म्हणून आधीच सांगते. बार्बारोंनी काही हे साडेचारशे वर्षं जपलेलं नाही. घराणं संपलं, घर हातोहात फिरलं. 1934 मध्ये ते काउंट वोल्पीने घेतलं, त्याच्या मुलीने दुरुस्त केलं. वोल्पी हा विजेच्या धंद्यात गबर झालेला, मुसोलिनीचा अर्थमंत्री राहिलेला माणूस. आज मालक तिथेच राहतात, द्राक्षं लावतात, वाइन विकतात. युनेस्कोची पाटीही आहे.

आमच्या वाईच्या वाड्याला असा कोण काउंट मिळणार होता? प्रॉपर्टी कार्डावर डझनभर नावं, सह्यांना एकही माणूस वेळेवर नाही. चुलतभावाने मागचे दोन खण पाडून स्लॅब टाकला, तेव्हा मी काही बोलले नाही. राहायचं त्याला होतं, मला नाही. पावसाळ्याआधी कौलं शाकारायचे पैसे मी पाठवायचेच. माजघरात भिंतीवर गणपती रंगवलेला होता, तो चुन्याखाली गेला, हे खरं. पण तो काही व्हेरोनेझेने काढलेला नव्हता. आणि चुना काकांनी लावला, मी नाही.