कोरी नोंदवही

"वर्षभरात आमच्या साइटवर एकही अपघात नाही," असे म्हणत मुकादमाने अपघातांची नोंदवही माझ्यापुढे सरकवली, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या सेंट्रिंगवाल्याच्या (स्लॅबचा साचा बांधणाऱ्याच्या) अंगठ्याला सिमेंटने करडी झालेली चिंधी बांधलेली होती.

सांगलीत विश्रामबागेतील त्या इमारतीवर हेल्मेट होती, मराठी-हिंदी फलक होते, परांचीला कठडाही होता. वही मात्र पहिल्या पानापासून कोरी. मुकादम फोन घ्यायला बाजूला गेल्यावर मी त्या गड्याला विचारले, तर तो हळूच म्हणाला, "लिवलं की घरी बसवत्यात, मग हजेरी कोण देणार?"

सुरक्षेची पाहणी करताना हेल्मेट मोजण्यापेक्षा मी ही वही आधी मागतो. फळी निसटली पण कोणी पडले नाही, वरून पाना सुटला पण खाली माणूस नव्हता, अशा थोडक्यात टळलेल्या घटना लिहिल्या गेल्या तरच फळी का निसटली याचा शोध कोणीतरी घेतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने ५०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत कामगार प्रतिनिधींसह सुरक्षा समिती सक्तीची केली होती. आपल्याकडच्या चार-पाच मजली इमारतीवर तेवढी माणसे नसतात, त्यामुळे सारे मुकादमाच्या स्वभावावर आणि (खरे सांगायचे तर) स्लॅब टाकायच्या तारखेवर अवलंबून राहते.

जखम नोंदवणाऱ्याची त्या दिवसाची हजेरी कापू नये, असे मी ठेकेदाराला लेखी सुचवले आहे. तुमच्या ओळखीच्या कोणत्या कामावर जखम नोंदवूनही हजेरी मिळते?