एफ फॉर्म नसलेला देश

परवा वॉर्डात आमच्या क्लिनिकल ऑफिसरने ॲप्रनच्या खिशातून सोनोग्राफीचा प्रोब काढला, मोबाईलला जोडला आणि थेट बाळाच्या पोटावर टेकवला. गोळा माझ्या पोटात आला! मराठवाड्यात सोनोग्राफी सेंटर चालवलेल्या माणसाला मशीन खोलीबाहेर दिसलं की आधी सील आणि पंचनामाच आठवतो.

खरं तर आफ्रिकेतल्या मलावीत मी आलोय ते हेच शिकवायला. जिल्हा रुग्णालयात रेडिओलॉजिस्ट नसतोच. तीन वर्षांचा डिप्लोमा केलेले क्लिनिकल ऑफिसर इथे सिझेरियनसुद्धा करतात, मग प्रोबचं काय घेऊन बसलात!

आपल्याकडे १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी. मशीनची नोंदणी, जागेची नोंदणी, कोण वापरणार त्याची नोंदणी. पोर्टेबल मशीनसुद्धा दवाखान्याबाहेर न्यायचं नाही. बाळाची किडनी बघायला घेतलेलं असलं तरी तेच. गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद ठेवायच्या एफ फॉर्मात एक रकाना कोरा राहिला तर कोर्टाच्या पायऱ्या. असल्या कारकुनी चुकांवरून २०१६ मध्ये देशभरचे रेडिओलॉजिस्ट संपावर गेले होते. मीही सेंटर बंद ठेवलं होतं आणि आजही त्यात काही गैर वाटत नाही.

पण इथला कुणी या नियमांना हसला की मला झोंबतं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे जेमतेम आठशे मुली होत्या. ती मशीनं आमच्याच धंद्यातल्या लोकांनी चालवली होती. हे इथे समजावून सांगणं जड जातं, म्हणून मी विषय बदलतो.

तर ते बाळ. सात महिन्यांचं. आईने चितेंजेची, म्हणजे बाळ बांधायच्या कापडाची, गाठ सोडून पाठीवरून उतरवलं, तेव्हा थांबून थांबून कळवळत होतं. ऑफिसरने उजवीकडून प्रोब सरकवत आणला आणि स्क्रीनवर कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळात वर्तुळं उमटली. आतड्यात आतडं शिरलेलं. मी तोंड उघडायच्या आत त्याने ब्लँटायर शहरातल्या सर्जनना फोन लावला होता.

एक्स-रेचं मात्र अवघड आहे. तान्ह्या मुलाच्या छातीत थायमस ग्रंथीची सावली असायचीच, तिला न्यूमोनिया म्हणायची सवय सुटता सुटत नाही. त्यात मूल रडून वाकडं झालेलं. वाकड्या फिल्मवर टीबीचं औषध सुरू करू नका, पुन्हा काढू का हे आधी विचारा, असं रोज घोकून घेतो.

गावाकडचा मित्र फोनवर म्हणाला, "एवढं शिकवतोयस, तर आपल्या तालुक्यात का नाही शिकवलंस?"

म्हटलं, "प्रोब खिशात घालून फिरलो असतो तर जामीन तू दिला असतास?"

तो खो खो हसला. त्याला काय जातंय हसायला! ग्रामीण रुग्णालयाची अधीक्षक त्याचीच बायको, आणि माझ्या सेंटरच्या तपासणीला यायची ती तीच.