वैनगंगेकाठची एमजी

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड करत ब्रह्मपुरीच्या पुढे गेलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या सुरू होतात. दिवाळी नुकतीच झालेली. हलका धान कापून पडलेला, भारी अजून उभा. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, हे मंडईचे, गावोगावच्या जत्रांचे दिवस. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि दंडार हा लोकनाट्याचा खेळ, मग रात्रभर नाटक. मीही नाटकासाठीच निघालो होतो. चहाच्या टपरीवर जुन्या गाड्यांचा विषय निघाला आणि टपरीवाला म्हणाला, "मंग आमच्या मिस्त्रीची गाडी पाहूनच जा जी. घरीच बनवली त्यानं."

कवेलूच्या पडवीत ती उभी होती. लांबून पाहिली तेव्हा मन जरा खट्टू झालं. एमजी टीडी, म्हणजे इंग्लंडची जुनी दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार, करायचा बेत होता एवढं कळत होतं. उभी जाळी, बॉनेटपासून सुटे दिवे, मागे पेट्रोलच्या टाकीला टेकवलेलं जादा चाक, सगळं जागच्या जागी होतं. पण जाळी रुंद झाली होती, दिवे फार वर गेले होते, आणि बॉनेटच्या बाजूच्या हवेच्या चिरा एका अंगाला तिरक्या उतरत होत्या. खरी टीडी ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात 1949च्या अखेरीपासून 1953पर्यंत बनली. जवळपास 30 हजार गाड्या निघाल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. तिची ठेवण डोळ्यांत बसलेल्या माणसाला ही गाडी पहिल्या नजरेत पटणार नाही.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. आत प्रीमियर पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन. मी वाकून खाली पाहिलं आणि माझं मत बदलायला लागलं. टीडीचं इंजिन 1250 सीसीचं, तेही चार सिलिंडरचं. तिला पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, जोर मागच्या चाकांवर. पद्मिनीचंही तसंच. टीडीच्या दोन आसांमधलं अंतर 94 इंच, पद्मिनीचं साधारण 92. म्हणजे ज्या गाडीचं सामान घेतलं तिची हाडं मूळ गाडीशी जुळणारी होती. आपल्याकडे अशा प्रतिकृती बहुधा जीपवर फायबरची टोपी चढवून होतात. पद्मिनीला मात्र वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे मिस्त्रींना चौकोनी पाइप जोडून चासी मुळापासून उभी करावी लागली. जोड मी हात फिरवून पाहिले. सफाईदार होते.

मग त्यांनी दार उघडलं. मुळातल्यासारखं बिजागरी मागे, उघडतं पुढून. आतलं अस्तर बाजूला केलं तर पत्र्यामागे सागवानी सांगाडा! टीडीच्या पत्र्याखाली अॅश लाकडाचा सांगाडा असतो, हे गाडी नुसती फोटोत पाहिलेल्याला कळत नाही. मिस्त्री तरुणपणी नागपुरात एका गॅरेजात होते, तिथे एक एमजी दुरुस्तीला आली होती. "पत्रा काढला तं आत लाकूड! मले वाटलं, हे तं आपलंच काम आहे जी." वडील रेंगी आणि खासर या इकडच्या बैलगाड्या बनवायचे, सुताराचा हात घरातलाच. दाराच्या चौकटीचा कोपरा मी बराच वेळ पाहत राहिलो. लाकडात लाकूड बसवलेलं, बाहेरून एकही खिळा नाही, सांध्यात बारीक पाचर ठोकून वर रंध्याचा हात. सागात तेल असतं, त्यामुळे त्याला लागलेलं लोखंड लवकर गंजत नाही आणि वाळवीही सहसा फिरकत नाही. या मुलखाला सागच योग्य.

चालवायलाही दिली. नोंदणीच्या कागदांशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे चालत नाही, म्हणून गाडी शेताकडच्या पांदणीतच फिरते. गिअर पद्मिनीसारखा स्टिअरिंगच्या दांड्यावर. इथे मात्र एमजीची मजा गेली. तिचा गिअर खाली, हाताजवळ, आखूड दांडीचा, आणि स्टिअरिंग रॅक अँड पिनियनचं, एकदम चोख. इथे चाक बरंच फिरवल्यावर गाडी वळते. पण खड्ड्यांतून जाताना सांगाडा कुठेही कुरकुरला नाही.

परतल्यावर ते म्हणाले, "आता सांगा. खरं सांगा, चांगलं नोको सांगू."

मी खरंच सांगितलं. दिसण्यात गाडी कमी पडते, पण बनवण्याची रीत मूळ कारखान्याची आहे, आणि मी पाहिलेल्या कितीतरी चकचकीत प्रतिकृतींपेक्षा ही मला जास्त खरी वाटते. लाकडाला हात लावू नका. जाळी अरुंद करा, मी मापं पाठवतो. गिअर खाली घेता आला तर पाहा. आणि दिवे थोडे खाली घ्या.

जाळीचं त्यांना लगेच पटलं. गिअरचं होळीनंतर बघू म्हणाले, तोवर नाटकांचे सेट बांधायचं काम असतं. दिव्यांना मात्र साफ नकार. "रातच्याला पांदनीत डुक्कर आडवा येते जी. दिवे वरच पायजे."

ते मला पटलं. जाळीची मापं मात्र त्यांनी तिथेच माझ्याकडून लिहून घेतली.