माझा अनुभव : संमतीपत्रावर सही कोणाची?

वजन घटत चाललेल्या, थोडे चालताच दमणाऱ्या वृद्धांना नेमून दिलेला व्यायाम आणि आहाराचे मार्गदर्शन मिळाल्यास त्यांचे चालणे-फिरणे अधिक काळ टिकते का, हे तपासणाऱ्या एका चाचणीत माझ्या ८२ वर्षांच्या आईने पुण्यातील एका रुग्णालयात नाव नोंदवले. अशी चाचणी युरोपातील ११ देशांत १,५१९ वृद्धांवर झाली असून तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील अधिक दुर्बल वृद्धांच्या गटात चारशे मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांमध्ये सुमारे ४७ टक्के, तर इतरांमध्ये सुमारे ५३ टक्के होते. आईने हे आकडे डॉक्टरांकडून नीट समजून घेतले आणि मगच होकार दिला.

निवडीची तपासणी सरळ पार पडली. छातीवर हात बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायचे, चार मीटर चालायचे आणि पावले एकापुढे एक ठेवून तोल सांभाळायचा, अशी ती बारा गुणांची परीक्षा होती. मुठीची ताकदही मोजली गेली. आशियाई निकषांनुसार स्त्रियांमध्ये ती १८ किलोपेक्षा कमी भरल्यास कमकुवत मानतात.

अडले ते संमतीपत्रावर. डोळ्यांच्या पडद्याच्या विकारामुळे आईला छापील अक्षर वाचता येत नाही आणि हात थरथरत असल्याने सहीही करता येत नाही. मात्र तिची समज पूर्ण शाबूत आहे; निवृत्तिवेतनाचा हिशेब ती आजही तोंडी सांगते. समन्वयकांनी माहितीपत्रक तिला वाचून दाखवण्याऐवजी माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, ‘‘ताई, आजींच्या वतीने तुम्हीच सही करा, नातेवाइकाची चालते.’’ मी ठामपणे नकार दिला. नातेवाइकाने कायदेशीर प्रतिनिधी म्हणून सही करायची ती रुग्ण स्वतः संमती देण्यास असमर्थ असेल तेव्हा. रुग्णाला केवळ वाचता-लिहिता येत नसेल, तर संपूर्ण प्रक्रियेच्या वेळी निःपक्ष साक्षीदार हजर हवा, त्याची सही हवी आणि अंगठा रुग्णाचाच हवा. नवीन औषधांच्या चाचण्यांसाठीचे २०१९ चे नियम आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे या दोन्हींचा आशय हाच आहे.

त्यानंतर साक्षीदार मिळेना. वॉर्डातील परिचारिका चाचणीचेच काम पाहत होत्या, त्यामुळे त्या चालणार नव्हत्या. दुसरे कोणी मोकळे नव्हते, म्हणून ‘‘पुढच्या वेळी या’’ असे सांगितले गेले. वॉकर घेऊन रिक्षातून उतरणाऱ्या, दोन पावलांनंतर भिंतीचा आधार शोधणाऱ्या बाईला ‘‘पुढच्या वेळी या’’ म्हणणे मला आजही खटकते, कारण दुर्बल वृद्धांसाठी आखलेल्या चाचणीची पहिली पायरीच त्यांना दमवणारी होती. अखेर माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर दिलेल्या नैतिकता समितीच्या (चाचणीत रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीच्या) सदस्य-सचिवांच्या क्रमांकावर मी दूरध्वनी केला, तेव्हा दुसऱ्या विभागातील समाजसेवा अधीक्षक साक्षीदार म्हणून आल्या. त्यांच्यासमोर सगळे पत्रक मोठ्याने, संथपणे वाचले गेले. आईने दोनच प्रश्न विचारले, ‘‘जमलं नाही तर मधेच सोडता येईल ना? आणि सोडलं तर माझे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत ना?’’ दोन्हींची उत्तरे पत्रकात होती. तरी ती तिने डॉक्टरांच्या तोंडून ऐकली आणि मगच शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला. मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला.

संगणकाने चिठ्ठी टाकावी तशी निवड केली आणि आई नेहमीच्या उपचारांच्या गटात गेली. ती थोडी हिरमुसली, पण दोन्ही गटांची तुलना झाल्याशिवाय व्यायामाचा उपयोग कळणार कसा, हे तिनेच मला समजावले.

आपल्याकडील वृद्धांना अशा चाचणीसाठी विचारणा झाली, तर सही करण्यापूर्वी चाचणीचा सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही) नोंदणी क्रमांक मागून घ्या. तो टाकून चाचणीची माहिती कोणालाही संकेतस्थळावर पाहता येते. सही झालेल्या संमतीपत्राची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका. वाचण्याची अडचण असल्यास साक्षीदाराची सोय करून ठेवण्यास आदल्या दिवशीच कळवा. येण्याजाण्याचा खर्च मिळणार आहे का, हेही आधीच विचारा; आमच्या पत्रकात त्याची तरतूद होती आणि विचारल्यावर तो मिळाला.