बरणीत आधीचे किती आहेत?

जानेवारीतला शनिवार. वाचनालयाच्या दाराशी आम्ही टेबल मांडलं होतं. दक्षिण इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या संस्थेच्या, वित्त विभागात मी काम करते. दर हिवाळ्यात पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला आम्ही असे बाहेर पडतो. कौन्सिल टॅक्स म्हणजे आपली घरपट्टीच म्हणा, फक्त इथे ती बहुतेक वेळा घरात राहणारा भरतो, मग तो भाडेकरू का असेना.

टेबलावर सहा पारदर्शक बरण्या होत्या: रस्ते, कचरा, वाचनालयं, बागा, मुलांची काळजी, वृद्ध आणि अपंगांची काळजी. येईल त्याला प्लास्टिकची दहा नाणी द्यायची आणि हवी तिथे टाकायला सांगायचं. दुपारपर्यंत रस्त्यांची बरणी गळ्यापर्यंत आली. खड्ड्यात टायर फुटलेले दोघे तर दहाच्या दहा नाणी तिथेच ओतून गेले. वृद्धांच्या बरणीच्या तळाशी चार नाणी पडली होती.

साडेबाराच्या सुमारास एक काकू आल्या. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून एकदम मराठीतच म्हणाल्या, "अगं, आपल्याकडची का तू?" पर्समधून बिलाची घडी काढून त्यांनी ‘ॲडल्ट सोशल केअर’च्या ओळीवर बोट ठेवलं. "हे वेगळं कसलं घेता?"

मी सांगितलं, की २०१६ पासून वृद्ध-अपंगांच्या सेवेसाठीची वाढ बिलात वेगळी दाखवतात. आमच्यासारख्या कौन्सिलला लोकांचं सार्वमत न घेता वर्षाला पाच टक्क्यांच्या आतच कर वाढवता येतो, त्यातले दोन टक्क्यांपर्यंत या सेवेसाठी. काकूंनी ऐकून घेतलं. मग नाणी मुठीत धरून बरण्यांकडे बघत राहिल्या.

"यांत आधीचे किती आहेत?"

"सकाळी रिकाम्याच होत्या, काकू."

"ते नाही गं. कौन्सिल खरोखर कशात किती घालते? डाळीचा डबा किती उरलाय ते बघितल्याशिवाय मी वाण्याची यादी करत नाही."

उत्तर मला तोंडपाठ होतं. निम्म्याहून जास्त पैसा काळजीच्या त्या दोन बरण्यांतच जातो. २०१४च्या केअर ॲक्टच्या, म्हणजे प्रौढांच्या काळजीच्या कायद्याच्या, निकषात बसणाऱ्या माणसाला ‘पैसे नाहीत’ म्हणून परत पाठवता येत नाही. जमाखर्चाचा मेळ बसेनासा झाला, तर वित्तप्रमुखाला नवा खर्च थांबवणारी कलम ११४ची नोटीस काढावी लागते. वोकिंग आणि बर्मिंगहॅमवर २०२३ साली ती वेळ आली. हे सगळं आम्हाला माहीत होतं, आणि बरण्यांवर मात्र फक्त नावं लिहिली होती. लोकांना आकडे नको असतात, हे आमचं आम्हीच ठरवून टाकलेलं. सकाळपासून आलेल्या प्रत्येकाला मी अर्धवट प्रश्न विचारत होते.

ग्रंथपालांकडून कागद, कात्री, सेलोटेप मागून आणलं. शंभर पौंडांतले किती कुठे जातात, ते मार्करने पट्ट्यांवर लिहिलं. काकू टेप तोडून देत होत्या, मी चिकटवत होते.

मला वाटलं, आता त्या वृद्धांच्या बरणीकडे वळतील. पण त्यांनी सहा नाणी वाचनालयात टाकली.

"हे गेल्यापासून मी एकटीच असते. एकटीला करात पंचवीस टक्के सूट देता, बरं करता. पण घर दिवसभर गरम ठेवणं परवडत नाही. इथे ऊब असते, चार माणसं बोलतात, चालत यावं लागतं म्हणून पाय चालू राहतात. ही बरणी आटवलीत, तर मी त्या बरणीत दोन वर्षं आधी जाईन. तेव्हा किती लागतील, बघ."

उरलेली चार त्यांनी कुठे टाकली ते माझ्या लक्षात नाही.

त्यानंतर लोक टेबलाशी जास्त वेळ थांबू लागले. पट्ट्या वाचायचे, आपसात वाद घालायचे. एका बाईंनी रस्त्यांच्या बरणीतली स्वतःची नाणी परत मागितली. मी दिली.

सोमवारी अहवालात साडेबाराच्या आधीची आणि नंतरची नाणी मी दोन वेगळ्या तक्त्यांत मांडली, आणि खाली काकूंचं म्हणणं इंग्रजीत उतरवलं. वरिष्ठांनी तक्ते ठेवले, काकूंचं म्हणणं लांबलंय म्हणून काढायला सांगितलं. मी ते परिशिष्टात घातलं, एक शब्दही न कापता.