पीएसपीच्या पडद्यावर मराठी

शनिवार, रात्री उशिरा

दादाचा जुना पीएसपी, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं सोनीचं यंत्र, आता अधिकृतपणे माझा झाला. पहिलं मॉडेल, जाडजूड. बॅटरी नवी घातली, मेमरी स्टिकच्या जागी मायक्रोएसडीचं अडॅप्टर बसवलं आणि गडी लगेच सुरू झाला. सोनीने हे यंत्र डिसेंबर 2004 मध्ये जपानात आणलं होतं, त्या मानाने तब्येत ठणठणीत आहे.

मला त्यावर गेम खेळायचे नाहीत, वाचायचंय, हे ऐकून भाच्याने कीव केल्यासारखं पाहिलं. "आत्या, अगं तुझ्याकडे फोन आहे ना?" आहे रे बाबा. पण फोन हातात घेतला की आपण कशाला घेतला होता तेच राहून जातं. यावर वाय-फाय बंद केलं की कुणाचा निरोप येत नाही, कुणी गुड मॉर्निंगची फुलं पाठवत नाही. आणि दोन्ही हातांत आडवं धरायला छान वाटतं, हेही खरं कारण आहेच.

रविवार

आज इंग्रजीपासून सुरुवात केली. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावरून एका कादंबरीची साधी टेक्स्ट फाईल घेतली. तिथल्या अशा फाईलींत सत्तरेक अक्षरांनंतर ओळ तोडलेली असते. पीएसपीचा पडदा 4.3 इंचांचा, 480 बाय 272 पिक्सेलचा. त्यावर जरा मोठा टाइप घेतला की प्रत्येक ओळ आधी पडद्याच्या कडेला मोडते आणि मग स्वतःच्या जागी पुन्हा मोडते. एक लांब ओळ, मग दोन शब्दांचं शेपूट, पुन्हा लांब ओळ. तिरप्या अक्षरांऐवजी शब्दांच्या दोन्ही बाजूंना खालच्या रेघा (_). दहा पानांत डोकं उठलं.

मग त्याच पुस्तकाची ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची, फाईल घेतली. ईपब म्हणजे खरं तर एक झिप असते. नाव बदलून उघडली की आत प्रकरणांची वेगवेगळी एचटीएमएल पानं निघतात. ती मेमरी कार्डवर टाकली आणि पीएसपीच्या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी 'फाईल' लिहून थेट उघडली. (हा ब्राउझर 2005 च्या 2.00 अपडेटबरोबर आला.) आता शीर्षकं ठळक, परिच्छेद सुटे, तिरपी अक्षरं तिरपी. सगळं पुस्तक एकाच फाईलीत दिलं तर मात्र मेमरी संपल्याची तक्रार येते. या मॉडेलला रॅमच 32 एमबी, त्याला तरी किती बोलायचं! प्रकरणवार दिलं की निमूट उघडतो.

एक गोष्ट डोळ्यांना खुपली. चौकोनाचं बटण धरून मजकूर सरकवला की अक्षरांमागे काळपट सावली ओढली जाते. या जुन्या पडद्याचा तो मूळ स्वभावच आहे. गेममध्ये चालून जात असेल, वाचताना नाही.

मंगळवार

मराठी. इथे गाडी अडली.

ब्राउझरमध्ये देवनागरीचा फॉन्टच नाही, त्यामुळे अक्षराचा पत्ता नाही. समजा, फॉन्ट कसाबसा घुसवला, तरी भागत नाही. 'हार्दिक' घ्या. फाईलमध्ये ह, काना, र, हलन्त, द, पहिली वेलांटी, क असा क्रम असतो. दाखवताना वेलांटीला उडी मारून 'द'च्या आधी यावं लागतं आणि 'र'चा रफार होऊन वर चढावं लागतं. ही मांडामांड करणारा एक वेगळा प्रोग्राम लागतो. फोनमध्ये, संगणकात तो असतो म्हणून आपल्याला पत्ताही लागत नाही. इथे तो नाही.

म्हणजे राहिली पीडीएफ. पीडीएफला मी आजवर शिव्याच घातल्या आहेत. ए-फोर कागदाचं पान लहान पडद्यावर कोंबायचं, मोठं करायचं, डावीकडून उजवीकडे सरकवत ओळ वाचायची, पुन्हा मागे यायचं. वाचन कसलं, रवी घुसळणं ते. पण मराठीला तिचा तोच अडेलपणा उपयोगी पडला. पीडीएफ बनते तेव्हाच वेलांट्या, रफार, जोडाक्षरं जागच्या जागी बसवली जातात आणि लागणारे आकार फाईलमध्येच भरले जातात. वाचणाऱ्या यंत्राला मराठी यायची गरजच नाही, ठरलेल्या जागी ठरलेला आकार काढला की झालं. डीटीपीच्या जमान्यातल्या जुन्या फॉन्टांमधली मराठी पीडीएफसुद्धा म्हणूनच दिसते व्यवस्थित. कॉपी करायला गेलं की अगम्य चिन्हांचा पाऊस पडतो, ते सोडा.

पीएसपीवर पीडीएफ उघडायला 'बुकर' नावाचा, हौशी मंडळींनी बनवलेला मुक्त प्रोग्राम आहे. त्यासाठी आधी यंत्रात कस्टम फर्मवेअर, म्हणजे सोनीच्या मूळ प्रणालीऐवजी हौशी लोकांनी बदललेली प्रणाली, घालावं लागतं. दादाने ते केव्हाच घालून ठेवलं होतं. (गेमसाठी. वाचनासाठी त्याने काडी हलवली नसती.)

गुरुवार

आज पानच पडद्याच्या मापाचं करून पाहिलं. मराठी विकिस्रोतावरचं एक जुनं पुस्तक घेतलं, मजकूर लिबरऑफिसमध्ये टाकला आणि पानाचा आकार 54 बाय 95 मिलिमीटर ठेवला, म्हणजे पीएसपी उभा धरल्यावर जेवढा पडदा दिसतो तेवढाच. समास दोन-दोन मिलिमीटर. फॉन्ट मुक्त, 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, 12 पॉइंट. त्याहून लहान केला की अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात. 'सर्वांनी'मध्ये नेमकं काय आहे ते अंदाजाने वाचावं लागतं. ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा जास्तच लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात.

दोन्ही कडा सरळ ठेवायचा मोह आवरला. ओळीत जेमतेम चार-पाच शब्द मावतात. त्यांना ताणून कडेला लावलं तर मध्ये भगदाडं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी. परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकवली नाही, दोन परिच्छेदांत अर्ध्या ओळीची जागा सोडली. लहान पडद्यावर ही अर्धी ओळ केवढा श्वास देते, हे पाहिल्याशिवाय पटणार नाही.

आणि झकास दिसलं! यंत्र उभं, बटणं तळहाताशी, एका दाबात अख्खं पान बदलतं. सरकवणं नाही म्हणून ती काळपट सावलीही नाही. ब्राउझरपेक्षा हे कितीतरी सुखाचं.

शुक्रवार

भाचा येऊन चार पानं वाचून गेला. "बरं आहे," म्हणाला आणि गेम कुठे आहेत ते विचारलं.

तळटीपांचं मात्र जमलेलं नाही. छोट्या पानावर तीन ओळींची तळटीप आली की मजकुराला जागाच उरत नाही. प्रकरणाच्या शेवटी ढकलल्या तर तिथपर्यंत जाऊन परत यायला बुकरमध्ये पान क्रमांक लक्षात ठेवावा लागतो. उद्या त्या मजकुरातच कंसात, बारीक टाइपात घालून पाहते. कोष्टकांच्या वाटेला तर मी जाणारच नाही.